एका दिवसाचा हिमोत्सव

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कोणी ‘स्नोबॉल’ मागितला, तर त्याच्या हाती कागदी पेला येतो. पेल्यात किसलेला बर्फ आणि त्यावर ओतलेले लाल-हिरवे सरबत. आपल्या चौपाटीवरील बर्फाच्या गोळ्याचा हा सख्खा भाऊच म्हणावयाचा. १९३९ साली सुरू झालेले ‘हॅन्सन्स स्नो-ब्लिझ’ हे तेथील दुकान या पदार्थासाठी विख्यात आहे. देशाच्या उत्तर भागात ज्या शब्दाचा अर्थ मुलांनी एकमेकांवर फेकावयाचा हिमाचा चेंडू, त्याच शब्दाचा या दमट शहरातील अर्थ घामाच्या धारा लागल्यावर खावयाची थंडाई! यावरून तेथील हवामानाची कल्पना यावी.

या शहरावर २१ जानेवारी २०२५ रोजी, मंगळवारी, खरेखुरे हिम पडले. पडले म्हणजे चार कण भुरभुरले आणि विरघळले, असे नव्हे. शहराच्या विमानतळावर त्या दिवशी तब्बल ८ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर जाडीच्या थराची नोंद झाली. विमानतळावरचा याआधीचा विक्रम ३१ डिसेंबर १९६३ चा होता आणि तो होता अवघा २.७ इंचांचा. या शहरात एवढे हिम त्यापूर्वी पडले होते ते फेब्रुवारी १८९५ मध्ये. ते पाहिलेले कोणी हयात असण्याची शक्यता अर्थातच नव्हती. त्यामुळे त्या सकाळी जे दृश्य खिडकीबाहेर दिसत होते, ते आजोबांनाही नवे होते आणि नातवालाही. एरवी कोणत्याही विक्रमी पावसाबद्दल ‘आमच्या वेळी याहून जास्त झाला होता’ असे सांगणारे वडीलधारे घरोघरी असतात. त्या दिवशी त्यांना तशी सोय उरली नाही.

मग शहर घराबाहेर पडले. मद्यालये आणि संगीत यांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या बर्बन स्ट्रीटवर कोणी स्कीच्या पट्ट्या पायांना बांधून घसरण्याचा प्रयोग करू लागले. उपनगरातील एका चर्चसमोर धर्मगुरू आणि जोगिणी यांच्यात हिमाच्या चेंडूंची लढाई जुंपली. तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली. गोल्फच्या मैदानावरील छोट्या गाडीला दोरी बांधून तिच्यामागे घसरत जाणारे वीरही दिसले. घसरगाडी हा प्रकार उत्तरेकडे घराघरांत असतो. येथे तो कोणाकडे असणार? तेव्हा लोकांनी पुठ्ठ्याची खोकी, लहान होड्या, पोहण्याच्या तलावात तरंगणाऱ्या रबरी मगरी असे जे हाती लागेल ते घेतले आणि ते मिसिसिपी नदीच्या बांधावर चढले.

बांधावरच का, याचेही उत्तर मजेदार आहे. हे शहर नदीच्या गाळावर वसलेले असून त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. घसरण्यासाठी उतार हवा आणि उतारासाठी टेकडी हवी; तीच तेथे नाही. शहरातील मुलांना टेकडी म्हणजे काय ते कळावे म्हणून १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून मातीचा ढीग रचून एक टेकडी तयार करण्यात आली, असे तेथे सांगतात. ‘मंकी हिल’ या नावाची ती टेकडी आता प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. ज्या शहराला टेकडीही बांधून घ्यावी लागली, त्याला हिमावर घसरण्यासाठी पूर रोखणारे बांधच कामी आले.

या आनंदाला एक दुखरी किनार होती. तीनच आठवड्यांपूर्वी, १ जानेवारीच्या पहाटे, याच बर्बन स्ट्रीटवर नववर्षाचे स्वागत करणाऱ्या जमावात एका हल्लेखोराने मालमोटार घुसवली होती आणि १४ जणांचा बळी घेतला होता. फुले आणि मेणबत्त्या यांनी भरलेला तो रस्ता लोकांच्या मनात ताजा होता. दरवर्षी ६ जानेवारीपासून सुरू होणारा कार्निव्हलचा हंगाम त्या वर्षी दबक्या पावलांनी आला. अशा वेळी एका रात्रीत सारे पांढरे झाले आणि त्याच रस्त्यावर अनोळखी माणसे एकमेकांना हिमाचे चेंडू मारू लागली. याला केवळ हवामानाची बातमी म्हणणे प्रस्तुत वार्ताहराला जड जाते.

थंडी आणि ओल यांची गाठ

न्यू ऑर्लिन्स सुमारे ३० अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे जवळजवळ त्याच अक्षांशावर हरिद्वार आहे. मग हरिद्वारच्या घाटांवर २० सेंटीमीटर हिम का पडत नाही? याचे उत्तर डोंगरांच्या दिशेत आहे. आपल्याकडे हिमालय पूर्व-पश्चिम आडवा उभा आहे आणि सैबेरियाकडून येणारी अतिथंड हवा तो बाहेरच अडवतो. उत्तर अमेरिकेतील मोठ्या पर्वतरांगा उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. त्यामुळे उत्तर ध्रुवाकडून निघालेल्या थंड हवेला कॅनडाच्या मैदानांपासून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत मोकळे रान मिळते. वाटेत तिला अडवायला काटेरी तारेच्या कुंपणाखेरीज काहीही नाही, असे टेक्सासमधील लोक गमतीने म्हणतात.

तरीही तेथे दरवर्षी हिम पडत नाही, कारण नुसती थंडी पुरेशी नसते. हिमासाठी थंडी आणि ओलावा दोन्ही एकाच वेळी लागतात आणि उष्ण प्रदेशात या दोघांचे सहसा पटत नाही. उत्तरेची थंड हवा येते ती कोरडी असते. ती आली की आकाश निरभ्र होते. समुद्रावरची ओली हवा येते ती उबदार असते. ती आली की पाऊस पडतो. एक आली की दुसरी काढता पाय घेते. जानेवारी २०२५ मध्ये मात्र ध्रुवीय हवेचा लोंढा किनाऱ्यापर्यंत येऊन पसरला आणि त्याच सुमारास आखातावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. समुद्रावरील ओली हवा थंड हवेच्या जड थरावर चढली, वर जाऊन निवली, तिच्यातील बाष्पाचे स्फटिक झाले आणि खालची हवाही गोठणबिंदूखाली असल्याने ते न वितळता जमिनीपर्यंत पोहोचले. या योगाला तेथील हवामान खातेही सरावलेले नव्हते. लुइझियानातील लेक चार्ल्स येथील कार्यालयाने त्या दिवशी हिमवादळाचा इशारा दिला, तो त्या कार्यालयाच्या इतिहासातील पहिलाच. ताशी ५६ किलोमीटर वा त्याहून वेगवान वारे आणि हिमामुळे ४०० मीटरपलीकडचे न दिसणे, ही स्थिती तीन तास टिकणार असेल तरच हा इशारा देतात.

हीच थंडी त्याच्या आदल्या दिवशी राजधानी वॉशिंग्टनमध्ये होती आणि तिच्यामुळेच अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचा शपथविधी उघड्यावर न होता संसद भवनाच्या घुमटाखाली उरकावा लागला. किनाऱ्यावर अलाबामातील मोबिल शहरात ७.५ इंच हिम पडले. समुद्रकिनारे आणि संत्री यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्लोरिडा राज्यात मिल्टन या गावी पावणेदहा इंचांहून अधिक थर साचला. त्या राज्यातील यापूर्वीचा विक्रमही याच गावाचा होता, १९५४ मधील ४ इंचांचा.

आपण ज्याला ‘हिम’ म्हणतो ते

येथे थोडे आपल्या घराकडे वळावे लागेल. कारण दर हिवाळ्यात आपल्याकडेही ‘हिमवर्षावा’च्या बातम्या येतात आणि त्यातील बहुतेक चुकीच्या असतात.

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे महाबळेश्वरहून दूरध्वनी येतो. वेण्णा तलावाच्या काठावर, लिंगमळ्याच्या परिसरात पांढरी चादर पसरलेली असते. तलावाच्या धक्क्यावरील फळ्या, मोटारींचे टप, स्ट्रॉबेरीची पाने यांवर पांढरे कण चमकत असतात आणि सहलीला आलेली मंडळी ते खरवडून मुठीएवढा गोळा करून छायाचित्रे काढत असतात. मग बातमीला शीर्षक काय द्यावे, यावर कार्यालयात दरवर्षी तोच वाद होतो. ‘महाबळेश्वरात हिमवर्षाव’ हे वाचायला बरे वाटते. ‘दवबिंदू गोठले’ हे खरे असते.

महाबळेश्वरला आकाशातून काही पडलेले नसते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि गवताची पाती, धातूचे पत्रे हवेपेक्षाही थंड होतात. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून वाहत सखल जागी, तलावाकाठी साचते. तेथे पृष्ठभागाचे तापमान शून्याखाली गेले की हवेतील बाष्प त्यावर गोठते. पाठ्यपुस्तकात याला दहिवर असा सुंदर शब्द आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चारएक फूट उंचीवर, पेटीत ठेवलेला असतो. म्हणून तो सहा-सात अंश दाखवीत असतानाही गवतावर दहिवर सापडते आणि वाचक विचारतात, ‘तापमान शून्य नव्हते, तर बर्फ आला कोठून?’

दुसरा घोटाळा गारांचा. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात अनेक दिवस गारपीट झाली. शेतांत गारांचे थर साचले, त्यांची छायाचित्रे फिरली आणि ‘काश्मीर अवतरले’ अशा ओळी त्यांखाली छापून आल्या. ज्याचा काढणीला आलेला गहू, हरभरा वा द्राक्षबाग त्या थराखाली होती, त्याला ही उपमा कशी वाटली असेल? गारा आणि हिम यांत शास्त्राच्या दृष्टीनेही काही साम्य नाही. गारा उभ्या वाढणाऱ्या वादळी ढगात, वर-खाली फेकल्या जाऊन थरावर थर चढत तयार होतात. त्या जड असतात, मोठ्या गारा सेकंदाला वीस मीटर वा अधिक वेगाने कोसळतात आणि म्हणून एप्रिलच्या उकाड्यातही वितळण्यापूर्वीच जमिनीवर येऊन आदळतात. हिमाचा कण मात्र सेकंदाला जेमतेम मीटर-दीड मीटर एवढ्याच वेगाने तरंगत उतरतो. शेवटचे एक किलोमीटर अंतर कापायला त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात वाटेतील हवा जरा उबदार असली की त्याचे पाणी झाले. आपल्याकडे भर हिवाळ्यातही शून्य अंशाची पातळी साधारणपणे चार किलोमीटर वा त्याहून वर असते आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. मुंबईत सांताक्रूझ येथे आजवर नोंदले गेलेले किमान तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चे. तेव्हा आपल्या वाट्याला गारा आणि दहिवर. हिमासाठी आपल्याला तिकीट काढणे भाग आहे.

मराठीत मुळात घोळ असा की पेल्यातला बर्फ, मासळीवर घालतात तो बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फच. हिम हा शब्द आपण हिमालयासाठी आणि कवितेसाठी राखून ठेवला. गरज पडली नाही, एवढेच त्याचे कारण.

पहिल्यांदा हिम पाहणाऱ्याला काय जाणवते?

थंड प्रदेशात गेलेल्या आपल्या मंडळींना विचारले तर पहिली आठवण बहुधा रंगाची नसते, शांततेची असते. याला कारण आहे. ताज्या हिमाच्या थरात बहुतांश हवाच असते. कापसाच्या गादीप्रमाणे तो आवाज शोषून घेतो. त्यात रस्त्यावर वाहने नसतात. बर्बन स्ट्रीटसारख्या चोवीस तास गजबजलेल्या रस्त्यावर ही शांतता किती अनपेक्षित असेल, याची कल्पना दादरच्या फुलबाजारात वावरणाऱ्या वाचकाला करता येईल.

सगळ्याच हिमाचा चेंडू होत नाही, हेही अनेकांना त्या दिवशीच कळते. तापमान शून्याच्या आसपास असेल तर कणांवर पाण्याचा पातळ थर असतो आणि मुठीत दाबल्यावर ते एकमेकांना चिकटतात. फार थंडी असली तर हिम रव्यासारखे कोरडे राहते आणि हातातून सांडून जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा दिवशी ताजे, वरचे स्वच्छ हिम वाटीत घेऊन त्यात आटवलेले दूध, साखर आणि व्हॅनिला घालून आइसक्रीम करण्याचा प्रघात आहे. आधी पडलेला थर हवेतील धूळ घेऊन येतो, म्हणून पहिला तास सोडून द्यावा, असा व्यवहारी सल्लाही त्यासोबत दिला जातो.

आणि पाण्याचा हिशेब केला तर हसू येते. साधारणपणे दहा सेंटीमीटर हिम वितळले की एक सेंटीमीटर पाणी होते, असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे न्यू ऑर्लिन्सला त्या ऐतिहासिक दिवशी मिळालेले पाणी सुमारे दोन सेंटीमीटर पावसाएवढे. जुलैत मुंबईत एवढा पाऊस झाला तर लोक छत्री झटकून कामाला लागतात.

एवढ्या पाण्याने शहर ठप्प झाले. शाळा, कचेऱ्या बंद. बहुतेक विमाने रद्द. लुइझियानातून पूर्व-पश्चिम जाणारा प्रमुख आंतरराज्य महामार्ग, आय-१०, लांबच लांब पट्ट्यात बंद ठेवावा लागला. या महामार्गाचा एक भाग अचाफलाया दलदलीवरून जाणाऱ्या सुमारे २९ किलोमीटर लांबीच्या पुलावरून जातो. पॉन्चरट्रेन सरोवरावरील पूल तर ३८ किलोमीटरचा. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते, तर पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार वारा. दिवसा वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठून काचेसारखा पारदर्शक थर होतो आणि डांबर ओले आहे एवढेच चालकाला वाटते. बर्फाळ रस्त्याची सवय नसलेल्या चालकांचे हाल विचारू नयेत. टेक्सासमध्ये एका बर्फाळ महामार्गावर झालेल्या अपघातात त्याच दिवशी पाच जण मृत्युमुखी पडले.

मिनिआपोलिस वा टोरंटोमध्ये आठ इंच हिम ही बातमी होत नाही. तेथे हिम ढकलणाऱ्या गाड्या आहेत, मिठाचे साठे आहेत, नळ जमिनीत खोल पुरलेले आहेत. न्यू ऑर्लिन्समधील जुनी लाकडी घरे पुराच्या भीतीने विटांच्या खांबांवर उचलून बांधलेली आहेत आणि त्यांच्या पाण्याच्या नळ्या खालच्या मोकळ्या जागेतून उघड्यावर जातात. उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून केलेली ही रचना थंडीत नळ्या फोडते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. बंद नळीत ते जाणार कोठे? म्हणून तेथे रात्रभर नळ बारीक धारेने सोडून ठेवतात. सगळ्यांनीच तसे केले की शहराच्या पाण्याचा दाब उतरतो, हे दुसरे दुखणे.

अमेरिकेच्या दक्षिण भागाला हिमाने लावलेली कसोटी याहून कठोरही असू शकते, हे चार वर्षे आधी टेक्सासने अनुभवले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टन आणि आसपासच्या भागात हिम पडले तेव्हाही मुले अंगणात धावली, घरोघरी हिममानव उभे राहिले, छायाचित्रे आप्तांना पाठवली गेली. त्याच वेळी राज्याची वीजव्यवस्था कोसळत होती. थंडीने नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, वीजकेंद्रे बंद पडली आणि टेक्सासचे वीजजाळे शेजारच्या राज्यांशी नाममात्रच जोडलेले असल्याने बाहेरून पुरेशी मदत घेता आली नाही. ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली, काही ठिकाणी सलग काही दिवस. घरांतील तापमान शून्याकडे सरकले. ऊब मिळावी म्हणून लोकांनी बंद खोलीत कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, गॅरेजमध्ये मोटारी चालू ठेवून आत बसले आणि कार्बन मोनॉक्साइडने गुदमरले. राज्य सरकारने अधिकृतपणे मोजलेले मृत्यू २४६ होते; त्यातील बहुसंख्य थंडीने गारठून झालेले होते.

दोन्ही ठिकाणी लोकांचा पहिल्या सकाळचा आनंद सारखाच खरा होता. २०२५ मध्ये हिमात खेळून दमलेले मूल परतले तेव्हा बहुतेक घरांतील दिवे आणि हीटर चालू होते. २०२१ मध्ये लाखो घरांत ते नव्हते. प्रस्तुत वार्ताहराच्या मते या दोन हिमवर्षावांतील सर्वांत मोठा फरक तोच आहे. ज्यांना परतण्यासाठी घरच नव्हते, त्यांच्यासाठी न्यू ऑर्लिन्समध्येही रात्रनिवारे उघडावे लागले होते. हिमाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे लुइझियानातील लाफाएत शहरात पारा ४ अंश फॅरेनहाइटवर, म्हणजे उणे १५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला.

असे दुर्मीळ हिम इतर ठिकाणीही पडले आहे. ब्यूनस आयर्समध्ये ९ जुलै २००७ रोजी, म्हणजे अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यदिनी, १९१८ नंतर प्रथमच हिम पडले आणि सुटीच्या दिवशी सारे शहर रस्त्यावर आले. गंमत म्हणजे त्याच हिवाळ्यात त्या देशात वायूची इतकी टंचाई होती की कारखान्यांचा पुरवठा कापावा लागत होता. बगदादमध्ये ११ जानेवारी २००८ रोजी हिमकण भुरभुरले, तेव्हा इराक युद्धाने पोळला होता. अनेक नागरिकांनी तो शांततेचा शुभशकुन मानला. मायामीत १९ जानेवारी १९७७ च्या सकाळी काही वेळ हिम उडाले. मोजण्याएवढेही साचले नाही, पण ते पाहिल्याचे सांगणारे लोक पुढे कित्येक वर्षे भेटत राहिले. सहारा वाळवंटाच्या उंबरठ्यावरील, हजारएक मीटर उंचीच्या ऐन सेफ्रा गावात डिसेंबर २०१६ मध्ये लालसर वाळूच्या टेकड्यांवर हिम पडले. ती छायाचित्रे खरी होती. डिसेंबर २०१३ मध्ये ‘कैरोत हिमाच्छादित स्फिंक्स’ म्हणून जगभर फिरलेले छायाचित्र मात्र जपानमधील एका उद्यानात उभारलेल्या छोट्या प्रतिकृतीचे होते. महाबळेश्वरच्या नावाने फिरणाऱ्या काही चित्रांकडेही याच नजरेने पाहावे.

राहिला नेहमीचा प्रश्न. उष्ण शहरांत एवढे हिम पडते, मग पृथ्वी तापते आहे हे खरे कसे? २०२५ चा तो जानेवारी युरोपातील कोपर्निकस या संस्थेच्या नोंदीनुसार संपूर्ण जगाचा विचार करता आजवरचा सर्वांत उष्ण जानेवारी होता; औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.७५ अंशांनी अधिक. ध्रुवावरची थंड हवा खाली सांडली म्हणजे जगात थंडी वाढली असे होत नाही, ती फक्त जागा बदलते. ध्रुव तापल्यामुळे असे सांडणे वाढते काय, यावर शास्त्रज्ञांमध्ये अद्याप मतभेद आहेत.

न्यू ऑर्लिन्सचे हिम आठवडा संपेपर्यंत बहुतांश वितळले. सावलीच्या बाजूच्या छतांवर आणि बांधांच्या उत्तरेकडील उतारांवर ते थोडे अधिक टिकले. महामार्ग खुले झाले, फुटलेल्या नळ्या दुरुस्त करणाऱ्यांकडे कामाची रांग लागली. ९ फेब्रुवारीला शहरात अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोलचा अंतिम सामना झाला, ४ मार्चला मार्दी ग्रा साजरा झाला. मग उन्हाळा आला आणि स्नोबॉलच्या दुकानांसमोर पुन्हा रांगा लागल्या.